गोळ्या चालू असताना जखमीकडे धावणाऱ्याला भीती वाटत नाही का? आणि रक्त बघून भोवळ येणाऱ्याने काय करावं?

पोरा, तुझा प्रश्न सकाळी चहा घेताना वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तू म्हणतोस बारावी सायन्स झालं, दिव्याला राहतोस, पहाटे उठून पळतोस, आर्मीत नर्सिंग असिस्टंटची भरती द्यायचीय. मागच्या महिन्यात मुंब्रा स्टेशनच्या टोकाला लोकलमधून एकजण पडला तेव्हा सगळ्यात आधी खाली उतरून तूच पळालास, पण त्याची मांडी बघितली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन तिथेच खडीवर बसलास. मित्रांनी त्यावरून जाम उडवली. तेव्हापासून तू दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन मेडिकचे, डेस्मंड डॉसचे, व्हिडिओ बघतोयस आणि विचारतोयस की गोळ्या चालू असताना जखमीकडे जाणारी माणसं वेगळ्या मातीची असतात का, त्यांना भीती वाटत नाही का, आणि तू हे सगळं सोडून द्यावंस का.

माझं आधी सांगतो. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून २१ वर्षं काढली, लखनौच्या सेंटरला ट्रेनिंग, मग एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल, मग बराच काळ इन्फन्ट्रीच्या पलटणीबरोबर. आता कळव्याला राहतो आणि रबाळे-महापे एमआयडीसीत कंपन्यांमध्ये फर्स्ट एडचे क्लास घेतो. मेडल वगैरे काही नाही, त्या हिशोबाने वाच.

भीती वाटते. सरळ सांगतो, पाचावर धारण बसते, तोंड कोरडं पडतं, लघवीला लागल्यासारखं होतं, आणि हे मला एकट्याला नाही, ज्यांच्या छातीवर पदकं आहेत अशा लोकांनीही लंगरमध्ये बसून हेच सांगितलंय. पण तू भीतीबद्दल विचारतोयस असं मला वाटत नाही. तू त्या पोरापर्यंत पोचला होतास ना? भित्रा असतास तर प्लॅटफॉर्मवर उभा राहून मोबाईल काढला असतास. तुझी खरी अडचण ही आहे की मन गेलं आणि अंग मागे राहिलं, आणि आता तुला धाकधूक आहे की ऐन वेळी अंग परत दगा देईल. ही वेगळी गोष्ट आहे आणि हिच्यावर इलाज आहे, खाली सांगतो.

त्याआधी मेडिकवाला गोळीबारात नेमकं करतो काय ते समजून घे, कारण व्हिडिओत फक्त धावणं दिसतं.

उत्तर काश्मीरात, कुपवाड्याच्या बाजूला, अक्रोडाच्या झाडांमधलं एक छोटं गाव. पहाटे कॉर्डन, म्हणजे वेढा, लागला होता. मी पलटणीच्या एका कंपनीबरोबर होतो, डॉक्टर साहेब म्हणजे आमचे आरएमओ खाली आरएपीत, रेजिमेंटल एड पोस्टमध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, चालत दीड-दोन तासांवर. म्हणजे तिथे वर जे काही औषधपाणी होतं ते माझ्या पिठ्ठूत, पाठीवरच्या पिशवीत. घरातून फायर आला आणि आमचा एक जवान उघड्यावर पडला, दगडी बांध आणि गोठा यांच्या मधे, माझ्यापासून वीसेक पावलं. पलटणीत नर्सिंग असिस्टंटलाच सगळे डॉक्टर साब म्हणतात, तो ओरडला, "डॉक्टर साब, टांग गयी!" आणि मी उठलो. विचार वगैरे काही नाही, उठलोच. आमच्या सेक्शनच्या हवालदाराने माझ्या पिठ्ठूचा पट्टा धरला आणि मला असा खाली खेचला की हनुवटी दगडावर आपटली. "अभी नहीं. तू गया तो दोनों को कौन उठाएगा?"

ती चार मिनिटं (नंतर त्यानेच सांगितलं चार मिनिटं, मला अर्धा तास वाटला) मी बांधामागे पालथा पडून त्या पोराला ओरडून सांगत होतो की अंग उजवीकडे लोळव, दगडाच्या आड ये, जांघेत मूठ घाल आणि सगळं वजन टाकून दाब, सोडू नकोस, माझ्याशी बोलत राहा, गावाचं नाव सांग. तो शिव्या देत होता. शिव्या ऐकून मला बरं वाटत होतं, कारण शिव्या द्यायला श्वास लागतो. मग एलएमजी, आमची हलकी मशीनगन, दुसऱ्या बाजूला गेली, खिडकीवर फायर चालू झाला, धुराचा गोळा फुटला, आणि हवालदाराने पट्टा सोडला. मी धावलो नाही. कोपरांवर सरपटत गेलो, त्याला खांद्याच्या पट्ट्याला धरून गोठ्यामागे ओढला. पट्टी काढताना माझ्या हातातून पहिली फील्ड ड्रेसिंग शेणात पडली. दुसरी काढली.

त्या दिवसात सगळ्यात अवघड काय होतं विचारशील तर सरपटणं अजिबात नाही. ती चार मिनिटं. उठून धावायला एका झटक्याची हिंमत लागते आणि ती विशीतल्या पोरांत भरपूर असते, तुझ्यात पण आहे हे तू मुंब्र्याला दाखवलंसच. ओरडणारा ओळखीचा आवाज ऐकत पडून राहायला जे लागतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं, तो हवालदार नसता तर मी तिथेच गेलो असतो आणि त्या पोराचं मरण पण माझ्या नावावर आलं असतं.

पुढे कळलं की मला त्या दिवशी पट्ट्याला धरून शिकवलं तेच जगभर नियम म्हणून लिहून ठेवलंय. लढाईतल्या जखमींवरच्या उपचाराची आजची पद्धत अमेरिकन सैन्यातून आली, १९९६ मध्ये तिचा पहिला लेख छापून आला, आणि त्यात तीन टप्पे केलेत: फायर चालू असताना, आड मिळाल्यावर, आणि मागे नेताना. पहिल्या टप्प्यात औषधपाणी जवळजवळ नाहीच. आधी शत्रूचा फायर दाबा, जखमीला स्वतः आडोशाला यायला सांगा, हातापायातून रक्ताची धार असेल तर टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, आवळा, कपड्यावरूनच, जितका वर जाईल तितका वर. बस. श्वासनलिका, छाती, सलाईन सगळं नंतर. कारण साधं आहे. माणसाच्या अंगात रक्त जेमतेम पाच लिटर, मांडीची मोठी धमनी तुटली तर तीनेक मिनिटांत खेळ आटपू शकतो. इराक-अफगाणिस्तानच्या लढायांतल्या मृत्यूंचा अमेरिकन डॉक्टरांनी नंतर एकेक करून अभ्यास केला, २००१ ते २०११ मधले ४,५९६ मृत्यू. त्यातले ८७ टक्के हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचायच्या आधीचे, आणि त्या ८७ टक्क्यांतले जवळजवळ एक चतुर्थांश कदाचित वाचू शकले असते असे. अशा वाचू शकणाऱ्यांतले दहातले नऊ रक्त जाऊन गेले. म्हणजे सर्जन कितीही मोठा असू दे, निकाल बऱ्याचदा आधीच लागलेला असतो, मातीत, बारावी पास पोराच्या हातात.

(आमच्या वेळी टूर्निकेट म्हणजे रबराची नळी, आणि शिकवायचे की शेवटचा उपाय म्हणून लावा, पाय जाईल. आता उलटं झालंय, आधी तोच लावा, वेळ लिहा, दोनेक तासांत वर पोचवा. मी स्वतः ही जुनी शिकवण डोक्यातून काढायला बराच वेळ घेतला.)

आता सगळीकडे असंच असतं असं नाही हां. डोंगरावर चढाई चालू असेल तर वेगळं, गावात वेगळं, बर्फात तर सलाईनची बाटली कपड्यांच्या आत पोटाशी धरून फिरावं लागतं नाहीतर गोठते. आणि कधीकधी आडोसा नसतोच, फायर दाबायला माणूस उरलेला नसतो, तेव्हा नियम काय कामाचे. लडाखमधली रेझांग लाची खिंड आठव. चीनशी लढाई, १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंह. कंपनीबरोबर एक नर्सिंग असिस्टंट होता, शिपाई धर्मपाल सिंह दहिया, आमच्याच कोअरचा. हिवाळा सरता सरता लोक वर पोचले तेव्हा त्याचा देह सापडला तो हातात सिरिंज आणि पट्टी धरलेला. मरणोत्तर वीरचक्र मिळालं. आमच्या उस्तादांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे पोरं गप्प झालो होतो. मी मात्र नंतर कधीतरी दुसराच विचार करत बसलो, की तेवढ्या उंचीवर, नोव्हेंबरच्या थंडीत, हातमोजे काढल्याशिवाय सिरिंज भरता येत नाही. म्हणजे त्याने मोजे काढले असणार.

आणि तुझा डॉस. मे १९४५, ओकिनावाचा कडा, वरून एकेक जखमी दोरीने खाली सोडला. किती? सैन्य म्हणालं शंभर, तो म्हणाला पन्नासपेक्षा जास्त नसतील, शेवटी पंचाहत्तर धरले. पण तू व्हिडिओ बघताना गाठीकडे बघितलंस का? ती दोन फासांची गाठ त्याला ट्रेनिंगमध्ये गाठी शिकताना चुकून दोरी दुहेरी घेतल्यामुळे जमली होती, दोन फास पडले, दोन पाय दोन फासांत जातात. कित्येक महिने कामाला आली नाही ती गाठ. आणि त्या दिवशी वर रात्रीपर्यंत हाताला तीच आठवली. अजून एक, जे लोक फारसं सांगत नाहीत. २१ मेच्या रात्री ग्रेनेडने त्याचे स्वतःचे पाय जखमी झाले, तर दुसऱ्या मेडिकला हाक मारली तर तो आडोशातून बाहेर येईल म्हणून याने हाकच मारली नाही, स्वतःच पट्ट्या बांधून पाच तास पडून राहिला. शेवटी स्ट्रेचर आलं तर वाटेत जास्त लागलेला एक दिसला, हा खाली उतरला आणि म्हणाला याला आधी न्या. बघ, त्यातही पाच तास पडून राहणं आहेच.

माझी त्या दिवसाची चूक पण सांगतो, कारण तू भरती झालास तर ही तुझ्या उपयोगाची आहे. मी ओरडणाऱ्याकडे गेलो. त्याच वेळी बांधाला टेकून अजून एकजण बसला होता, गप्प, डोळे उघडे, मी त्याच्या अंगावरून सरपटत गेलो आणि मला वाटलं दमलाय. त्याच्या काखेखाली छोटं भोक होतं, बाहेर रक्त नाहीच फारसं, आत छाती भरत चाललेली. ते बघितलं कोणी, तर आमच्या पलटणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्याने. लढाईच्या वेळी बँडवाल्यांकडे स्ट्रेचर असतं, आणि तो पलटणीतच थोडं मेडिकलचं शिकलेला होता. त्याने मला हाक मारली, "साब, ये बोल नहीं रहा." त्याच्यामुळे तो जवान वाचला, माझ्यामुळे नाही. तेव्हापासून मी क्लासमध्ये पहिलं वाक्य हेच सांगतो, की ओरडतोय तो श्वास घेतोय, आधी गप्प बसलेला शोधा.

दोघांना खाली न्यायला साडेतीन तास लागले. नाल्यातून, चार माणसं एका स्ट्रेचरला, दर काही मिनिटांनी खांदे बदलायचे. यात शौर्य वगैरे कोणाला दिसत नाही पण मला विचारशील तर निम्मं काम हेच आहे. मांडीवाला सारखा विचारत होता पाय आहे ना. मी म्हटलं पाय आहे, बूट पण आहे, पँट तेवढी मी कापली, ती तुझ्या पगारातून कापतील. हसला. आणि माझे हात थरथरायला लागले ते रात्री, नखांतलं रक्त काढताना. मग चहाचा मग धरता येईना, त्या ड्रमवाल्याने धरून पाजला.

म्हणजे काय, तर थरथर येतेच, ती कधी येते एवढाच प्रश्न. हात कामात असले की ती थांबून राहते. आणि हात कामात राहायला त्यांना काम पाठ पाहिजे. आमचे एक उस्ताद होते, डोळ्यांवर टॉवेल बांधून आमच्याकडून पिठ्ठू उघडून घ्यायचे, हात आधी बर्फाच्या पाण्याच्या बादलीत बुडवायला लावायचे आणि मग म्हणायचे कैची. आता ड्रेसिंग. आता नळी. चुकलास की मैदानाला चक्कर. आम्ही त्यांना मनात काय काय म्हणायचो ते इथे लिहिता येणार नाही. पण शेणात पट्टी पडल्यावर दुसरी कुठे आहे हे मला बघावं लागलं नाही.

अजून एक आहे जे बाहेरच्यांना कळत नाही. नर्सिंग असिस्टंट पलटणीत रोज काय करतो? सकाळी एमआय रूम म्हणजे पलटणीचा छोटा दवाखाना, सिक परेड म्हणजे आजारी जवानांची रांग, कुणाला जुलाब, कुणाच्या टाचेला फोड, कुणी ड्युटी टाळायला पाठ दुखतेय म्हणून आलाय. बूट काढायला लावून बोटांच्या फटी बघायच्या, घाण वास, रोज. तो मांडीवाला, त्याच्या उजव्या पायाचं कुरूप मीच काढलं होतं दोन महिन्यांपूर्वी. अनोळखी माणसासाठी मी त्या गोठ्यापर्यंत गेलो असतो का? खरं सांगतो, माहीत नाही. याच्यासाठी जावंसं वाटलं कारण त्याचे पाय मला माहीत होते.

आता तुझी भोवळ. रक्त बघून चक्कर येणं हा शरीराचा एक ठरलेला खेळ आहे, धैर्याशी त्याचा संबंध नाही, धडधाकट पैलवानाला पण येते. बाकी कुठल्याही भीतीत बीपी वर जातं आणि वरच राहतं. रक्ताच्या बाबतीत काहींचं आधी वर जातं आणि मग धाडकन खाली येतं, ठोके पण मंदावतात, डोक्याला रक्त कमी पडतं, अंधारी. त्यामुळे "दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड" हा सल्ला इथे उलटा पडतो. अंग आवळायचं. मुठी, दंड, मांड्या, पोट सगळं एकदम घट्ट, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सोड, पण पूर्ण ढिला होऊ नकोस. असं पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा, दोन आठवडे कर, ट्रेनमध्ये उभा राहून पण होतं, कोणाला कळत नाही. मग हळूहळू बघायची सवय, आधी फोटो, मग ऑपरेशनचे व्हिडिओ, मग प्रत्यक्ष. वीत भर चढ रोज. फक्त एक, तुला रक्त नसतानाही चक्कर येत असेल, पळताना, किंवा उठल्यावर, किंवा छातीत धडधडून, तर हे सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरला दाखव, ईसीजी काढ. त्यात लाजू नकोस आणि भरतीच्या मेडिकलपर्यंत थांबू नकोस.

आणि मित्र हसले त्याचं काय, तर हे ऐक. रबाळ्याच्या एका कंपनीत माझा क्लास होता. पॅकिंगमधल्या एक ताई मागच्या ओळीत बसून पूर्ण वेळ मैत्रिणीबरोबर खुसुखुसु हसत होत्या, मी दोनदा टोकलं. तीन-चार महिन्यांनी तिथेच प्रेसवर एका मुलाचा हात मनगटाच्या वर फाटला. कारखान्यात फर्स्ट एड बॉक्स पाहिजे असा कायदा आहे, यांच्याकडे बॉक्स होता, कुलूप लावलेला, किल्ली एचआरकडे आणि एचआर लंचला. पुरुष मंडळी किल्ली शोधत पळत होती. या ताईंनी ओढणी काढली, घडी करून जखमेत कोंबली आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी, कोपरं सरळ ठेवून, अंगाचं वजन टाकून दाबून धरली. मधेमधे उचलून बघितलं नाही, हे मी क्लासमध्ये दहा वेळा सांगितलेलं. ॲम्ब्युलन्स यायला वीस मिनिटं लागली, ठाणे-बेलापूर रोडचं ट्रॅफिक तुला माहितीय. स्ट्रेचरवर घेतल्यावर त्या माणसाने सांगितलं, ताई आता सोडा, आणि त्यांनी हात सोडला आणि तिथेच आडव्या झाल्या. बेशुद्ध. नंतर मला म्हणाल्या, सर मला लहानपणापासून रक्त चालत नाही.

मी कधी त्यांना भित्री म्हणेन का? आणि तुला म्हणू?

भरती द्यायची की नाही हे मी ठरवणार नाही. तुझं पळणं कसं आहे, घरची परिस्थिती काय, दुसरीकडे कुठे ॲडमिशन मिळतंय, हे तुझं तुला माहीत. एवढंच सांगतो की नर्सिंग असिस्टंट झालास तर गोळीबार कदाचित पूर्ण नोकरीत एकदाही वाट्याला येणार नाही, टाचेचे फोड रोज येतील. फोडांचा कंटाळा येणार असेल तर नको जाऊस. फोड बघायला चालत असतील तर बाकीचं शिकवतात.

सध्या एक काम कर. अठरा पूर्ण झालंय, वजन पंचेचाळीसच्या वर असेलच, तर रक्तदान शिबिरात जा, ठाण्यात नाहीतर वाशीला सारखी असतात. आधी पोटभर खा, पाणी पी, नर्सला सांग की मला भोवळ येते, सुई टोचताना तोंड फिरवू नकोस, मांड्या आणि पोट आवळून धर आणि पिशवी भरताना बघ. चक्कर आलीच तरी तू आधीच आडवा असशील, आणि शेवटी चहा-बिस्कीट मिळतं. जाऊन आलास की सांग, कितव्या मिनिटाला मान फिरवलीस ते.